वाट, पाणी आणि वरळीचा नाखवा

अरबांच्या रस्त्यांविषयी लिहायचे ठरवून मी गेले काही महिने टिपणे काढत होतो. दमास्कसचे मैलाचे दगड, कुफा ते मक्का हा हजचा मार्ग, बगदादचे टपालखाते असे बरेच काही जमा झाले होते. पण लेखाला तोंड सापडत नव्हते. ते सापडले वरळी कोळीवाड्यात.

एका संध्याकाळी क्लीव्हलँड बंदरावर उभा होतो. मागे वरळीचा किल्ला, समोर माहीमची खाडी, पलीकडे वांद्रे आणि डोक्यावर म्हणावा इतका जवळ सागरी सेतू व त्याला येऊन मिळणारा किनारी रस्ता. गाड्या सुसाट चालल्या होत्या. खाली एक वयस्कर नाखवा जाळे नीट करीत बसले होते. बोलता बोलता मी त्यांना सांगितले की मी जुन्या रस्त्यांवर लिहितोय. ते हसले आणि समुद्राकडे हात करून म्हणाले, "ह्यो पन रस्ताच हाय भाई. डांबर नाय, म्हनून तुमाला दिसत नाय."

हे एक वाक्य मनात ठेवून पुढचा इतिहास वाचावा, अशी वाचकांना विनंती आहे.

दगड, घोडे आणि वही

आपल्याकडे अरब म्हटले की वाळू आणि उंट एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. वाळूत रस्ता कसला, असा प्रश्नही अनेक जण विचारतात. पण इस्लामी राज्यव्यवस्थेने अगदी सुरुवातीच्या काळापासून रस्त्याला राज्याची जबाबदारी मानले. हजरत उमर (र.) यांच्याविषयी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. इराकमध्ये एखादे खेचर ठेचकाळले, तरी तिथला रस्ता सपाट का केला नाही याचा जाब अल्लाह मला विचारेल, अशी भीती त्यांना वाटत असे. वाटेतला काटा किंवा दगड बाजूला करणे हाही ईमानचाच एक भाग आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीत आहेच. जकात ज्या आठ वर्गांवर खर्च करायची, त्यांत कुरआनने वाटसरूला स्थान दिले आहे. त्याच्यासाठी वापरलेला शब्द आहे 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेचा पुत्र.

उमय्यद खलिफा अब्दुल मलिक (कारकीर्द इ. स. ६८५ ते ७०५) याने दमास्कस आणि जेरुसलेम यांना जोडणारा मार्ग दुरुस्त करून त्यावर अंतर दाखवणारे कोरीव दगड बसवले. त्यांतले काही दगड आजही टिकून आहेत. अरबी लिपीतल्या सर्वात जुन्या सरकारी कोरीव लेखांत त्यांची गणना होते. याच काळात 'बरीद' म्हणजे सरकारी टपालाची व्यवस्था पक्की झाली. ठरावीक अंतरावर चौकी, चौकीवर ताजे घोडे, वाळवंटी भागात उंट. एकाने थैली आणायची, दुसऱ्याने पुढे न्यायची.

अब्बासी काळात या टपालखात्यातूनच भूगोलशास्त्र जन्माला आले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. इब्न खुर्दाजबिह हा नवव्या शतकातला अधिकारी इराणच्या जिबाल प्रांतात टपालप्रमुख होता. त्याने 'किताबुल मसालिक वल ममालिक' हा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थच 'मार्ग आणि राज्ये' असा आहे. कुठून कुठे किती अंतर, मध्ये कोणती ठाणी, कुठे किती महसूल, हे सारे त्याने नोंदवले. दफ्तरातली ही वही पुढे एका संपूर्ण शास्त्राची पायाभरणी ठरली. त्याच नावाने आणि त्याच धर्तीवर नंतरच्या अनेक अरब भूगोलकारांनी ग्रंथ लिहिले.

जुबैदाची वाट

अरब जगतातल्या सर्व जुन्या मार्गांत सर्वात प्रसिद्ध आहे 'दर्ब जुबैदा'. इराकमधल्या कुफ्याहून मक्केपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे १४०० किलोमीटरचा. खलिफा हारून रशीद यांची बेगम जुबैदा हिचे नाव त्याला मिळाले. इतिहास म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा मार्ग एकट्या जुबैदाने बांधला नाही. कुफ्याहून हिजाझला जाणारी वाट इस्लामपूर्व काळापासून वापरात होती. पहिला अब्बासी खलिफा सफ्फाह याच्या काळापासून तिच्यावर ठाणी, अंतराचे दगड आणि रात्री दिशा दाखवणारे दिव्यांचे मनोरे उभे राहू लागले. पुढे खलिफा महदीने त्यात भर घातली. जुबैदाने जे केले ते वेगळे आणि अधिक मोलाचे होते. तिने या वाटेला पाणी दिले.

मार्गावर २७ मुख्य आणि मधल्या टप्प्यांवर २७ छोटी अशी ठाणी होती. दिवसभराची चाल संपावी तिथे मुख्य ठाणे आणि अधेमध्ये रात्रीच्या जेवणापुरते थांबायची जागा. ठाण्यावर विहीर, पावसाचे पाणी साठवणारे दगडी टाके, कुठे सराई, कुठे मशीद. वाहून येणारे पाणी आधी गाळ बसण्यासाठी एका छोट्या कुंडात अडवायचे आणि मग मोठ्या टाक्यात सोडायचे, अशी रचना काही टाक्यांत आजही दिसते. मक्केत पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून जुबैदाने डोंगरातून कालवा काढून तिथवर पाणी आणले. 'ऐन जुबैदा' या नावाने तो शेकडो वर्षे ओळखला गेला. कामाचा हिशेब तिच्यापुढे आणला तेव्हा तिने वह्या तैग्रिस नदीत टाकून दिल्या आणि हा हिशेब कयामतच्या दिवसावर सोपवला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट सुंदर आहे. अर्थात आजच्या काळात कोणत्याही बांधकाम खात्याने तिचे अनुकरण करू नये!

जुबैदाचे निधन इ. स. ८३१ मध्ये झाले. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, ११८४ मध्ये, अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर याच वाटेने हजहून परतला. टाकी आणि विहिरी पाहून त्याने जुबैदासाठी दुआ केली. १३२६ मध्ये इब्न बतूता त्याच वाटेने गेला, त्यालाही तेच पाणी मिळाले. तोवर अब्बासींची बगदाद मंगोलांनी १२५८ मध्ये उद्ध्वस्त केली होती. खिलाफत बुडाली, पाणी मात्र उरले.

मजल दरमजल

इथे थोडे शब्दांकडे पाहू. हजच्या वाटेवरच्या ठाण्याला अरबीत 'मंजिल' म्हणत, म्हणजे उतरण्याची जागा. हाच शब्द फार्सीमार्गे आपल्याकडे आला आणि 'मजल' झाला. मराठीत आपण सहज म्हणतो, फौज 'मजल दरमजल' करीत निघाली. बखरींतल्या मराठ्यांच्या फौजांनाही आपली चाल मोजायला बगदादच्या हाजींचे माप लागत होते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 'मुक्काम' अरबी, 'सफर' अरबी.

'सबील' म्हणजे वाट. मुंबईत मुहर्रमच्या दिवसांत मोहल्ल्याच्या तोंडाशी पाणी आणि सरबत वाटणारे जे मंडप उभे राहतात, त्यांनाही आपण 'सबील'च म्हणतो. अल्लाहच्या वाटेवर दिलेले पाणी, म्हणून पाण्यालाच वाटेचे नाव मिळाले. आणि 'शरिअत' या शब्दाचा मूळ अर्थ काय? पाणवठ्याकडे नेणारी वाट. आज हा शब्द उच्चारला की काहींच्या भुवया चढतात आणि काहींचा आवाज चढतो. पण त्याच्या मुळाशी एक तहानलेला माणूस आणि त्याला पाण्यापर्यंत नेणारी पायवाट आहे.

वाळवंटात रस्ता म्हणजे विहिरींची माळ. जमीन तर सगळीकडे मोकळीच आहे, कुठूनही चाला. पण पाणी जिथे आहे तिथूनच वाट जाते.

अभिमानाचा आणि अडचणीचा भाग

एवढे वाचून आपल्यापैकी अनेकांची छाती फुगेल. माझीही फुगली होती. म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

बरीदचे घोडे लोकांची पत्रे वाहत नव्हते. ती खलिफाची व्यवस्था होती. प्रांतातला टपालप्रमुख हा खलिफाचा कान होता; सुभेदार काय बोलतो, काझी कसा वागतो, धान्याचा भाव काय चालला आहे, हे तो बगदादला कळवी. रस्त्याने फौज जाई, महसूल येई. त्याच अब्बासी साम्राज्यात बसऱ्याजवळच्या खारवट जमिनी साफ करायला आफ्रिकेतले गुलाम राबवले जात. त्यांनी ८६९ मध्ये बंड पुकारले आणि ते मोडायला १४ वर्षे लागली. सोन्याच्या काळाचे बांधकाम कुणाच्या पाठीवर झाले, हा प्रश्न विचारल्याने इस्लामचा अपमान होत नाही. न विचारल्याने मात्र इतिहासाचा होतो.

आजच्या अरब देशांतले महामार्ग पाहिले की डोळे दिपतात. सौदी अरब आणि बहरैन यांना जोडणारा २५ किलोमीटरचा किंग फहद सेतू १९८६ मध्ये खुला झाला. सौदीच्या १० क्रमांकाच्या महामार्गाचा एक तुकडा सुमारे २४० किलोमीटर एकही वळण न घेता जातो. दुबईत खाडीवर १९६३ पर्यंत एकही पूल नव्हता. लोक 'अब्रा' नावाच्या नावेतून पलीकडे जात. आज तिथे पूल आहेत, बोगदा आहे, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे नावाही अजून चालतात. हे सारे बांधणाऱ्या हातांत कितीतरी हात केरळ, तेलंगणा आणि आपल्या कोकणातले. त्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि उन्हाळा त्यांच्या डोक्यावर.

दुसरे दुखणे सीमांचे. २००१ मध्ये बैरूतला अरब मशरिकमधल्या देशांनी आंतरराष्ट्रीय रस्त्यांचे एक सामायिक जाळे आखण्याचा करार केला. कागदावर रेघा सुरेख आहेत. प्रत्यक्षात इराक, सीरिया आणि पॅलेस्टाईन यांनी या पाव शतकात काय सोसले ते आपण पाहतोच. तिकडे पश्चिमेला मोरोक्को आणि अल्जीरिया या एका भाषेच्या, एका धर्माच्या शेजाऱ्यांमधली जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. इब्न बतूता टँजियरहून निघून पायी आणि जनावरांवरून जिथून पूर्वेकडे गेला, तिथून आज मोटारही जात नाही. डांबर आहे, वाट नाही.

आपल्या किनाऱ्यावरचा अरब

आता कोळीवाड्यातल्या नाखव्याच्या वाक्याकडे वळू. समुद्र हाही रस्ताच आहे.

'नाखवा' हा शब्द पाहा. फार्सीत 'नाव' म्हणजे जहाज आणि 'खुदा' म्हणजे धनी. जहाजाचा धनी तो 'नाखुदा'. अरब, इराणी, गुजराती आणि कोकणी दर्यावर्दी सगळेच हा शब्द वापरत. सोमनाथजवळ वेरावळ येथे १२६४ मध्ये होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या नाखुदाने मशीद बांधली; त्याचा लेख अरबीत आणि संस्कृतमध्ये कोरलेला आहे. तोच नाखुदा कोळ्यांच्या तोंडी 'नाखवा' झाला. वरळीतल्या मच्छीमारांच्या एका सहकारी सोसायटीच्या नावातही 'नाखवा' आहे. अरबांचा सागरी मार्ग अजून आपल्या बंदरावर एका पदवीच्या रूपाने उभा आहे.

या मार्गाने माणसे आली. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास मसऊदी हा बगदादचा इतिहासकार 'सैमूर'ला, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला, आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत इथेच जन्मलेले कितीतरी आहेत, आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला आहे, असे त्याने लिहून ठेवले. हा राजा म्हणजे अरब ज्याला 'बल्हरा' म्हणत तो राष्ट्रकूट सम्राट.

पण मला मसऊदीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो एक ताम्रपट. पालघर जिल्ह्यातल्या डहाणूजवळच्या चिंचणी गावात गेल्या शतकाच्या मध्यावर काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यात संयान म्हणजे संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचे नाव आहे मधुमती. तो 'ताजिक' होता असे ताम्रपटच सांगतो, आणि ताजिक म्हणजे अरब. 'मधुमती' हे 'मुहम्मद'चे संस्कृत रूप. सम्राट दुसऱ्या कृष्णाने त्याला हा प्रांत दिला होता.

या मुहम्मदाने काय केले? आसपासची बंदरे काबूत आणली, हे आहेच. पण त्याच्या पुण्यकर्मांत दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू केली. आणि एक अन्नछत्र घातले, जिथे वाटसरूंना साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. शिवाय भगवती देवीच्या मठिकेला जमीन देण्याचे कामही याच ताम्रपटाने झाले. एक अरब मुसलमान, राष्ट्रकूटांचा चाकर, संस्कृत ताम्रपट, देवीचा मठ आणि वाटसरूला नदीपार नेणारी फुकट नाव.

आम्हाला लहानपणापासून दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक बाहेरून, की तुम्ही तलवारीने आलात. दुसरी घरातून, की आपले वैभव बगदाद आणि कुर्तुब्यात होते. दोन्ही ऐकून आपण आपल्याच गावात पाहुणे होतो. चिंचणीचा ताम्रपट सांगतो की आपल्या इतिहासाचे एक पान डहाणूजवळच्या मातीत होते आणि त्यावर लिहिले होते, 'नावेचे भाडे नाही.'

जुबैदाचे टाके आणि मधुमतीची नाव यांच्यात अंतर हजारो मैलांचे, काळाचे अंतर जेमतेम शंभर वर्षांचे. विचार एकच आहे. वाटसरूला जे अडते, ते दूर करायचे. वाळवंटात पाणी नाही म्हणून अडते, तिथे पाणी द्यायचे. कोकणात पाणीच आडवे येते, तिथे नाव द्यायची.

साठ मीटर आणि एकशे वीस मीटर

मुंबईलाही हा वारसा आहे, आणि तो केवळ मुसलमानांचा नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी नाव चाले. १८४५ मध्ये तिथे बांध झाला तो लेडी जमशेटजी या पारशी बाईंच्या दीड लाखाहून अधिक रुपयांच्या देणगीतून. त्यांची अट होती की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घेऊ नये. मला त्या आपल्या जुबैदा वाटतात.

त्याआधी अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात वरळीची खाडी बांध घालून अडवली गेली. शहराला जमीन मिळाली, खाडीचे तोंड मिटले. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी दगडी वाट तिथून जवळच. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला वर येते. समुद्राशी हुज्जत न घालणारा असा रस्ता मुंबईत दुसरा नाही.

वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ ला खुला झाला. मग आला किनारी रस्ता. मरीन ड्राइव्हकडून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर, मलबार हिलखालून दोन बोगदे. काम २०१८ मध्ये सुरू झाले. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. हा रस्ता सागरी सेतूला जोडताना जे खांब समुद्रात उभे राहणार होते, ते नेमके क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवर. दोन खांबांतले अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होते. कोळ्यांचे म्हणणे होते की वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून होडी नेणे जिवावर बेतू शकते. त्यांनी १६० मीटर मागितले. नकाशावर ६० मीटर पुरेसे दिसत होते. नकाशा काढणाऱ्याची होडी नसते.

कोळ्यांनी समुद्रात होड्या नेऊन काम अडवले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. मधला खांब गाळावा लागला, म्हणून कमानीचा पूल करावा लागला. २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे १३६ मीटर लांबीची, सुमारे २००० टनांची लोखंडी कमान बार्जवरून आणून बसवली. आज मोटारीतून जाणारे त्या कमानीचे फोटो काढतात. ती कमान मुळात होडीसाठी जागा सोडावी म्हणून आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी किनारी रस्त्याच्या विरोधात नाही. मीही त्यावरून गेलो आहे आणि वेळ वाचला म्हणून खूशही झालो आहे. त्यावर सध्या टोल नाही, ही चांगलीच गोष्ट. पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही, म्हणजे या शहरातला मोठा कष्टकरी वर्ग त्यावर चढूच शकत नाही. ज्या रस्त्याखालून कोळी जातो, त्या रस्त्यावरून त्याची मोटारसायकल जाऊ शकत नाही. जुबैदाच्या वाटेवर उंटवाला आणि पायी चालणारा दोघेही एकाच टाक्याचे पाणी पीत.

रस्ता किती रुंद, किती सरळ, किती खर्चाचा, हे मोजायची मापे सगळ्यांकडे असतात. मी माझ्या टिपणांच्या वहीत आता आणखी एक माप लिहून ठेवले आहे: आपली वाट काढताना आधीपासून असलेल्या वाटेला किती जागा सोडली? वाटेतला काटा दूर करणे हे ईमानचे लक्षण असेल, तर दुसऱ्याच्या वाटेत आपणच काटा होऊन उभे न राहणे हे त्याच्याही आधी येते.

निघताना मी नाखव्यांना विचारले, एकशे वीस मीटर पुरतात का? ते जाळ्यावरून मान न उचलता म्हणाले, "शांत दर्यात पुरतं. तुफानात इचारा."

मगरिबची वेळ झाली होती. मी माहीमच्या दिशेने निघालो. मागे वळून पाहिले तेव्हा एक होडी कमानीखालून आत येत होती आणि वरून गाड्या जात होत्या. त्या क्षणी तरी दोन्ही वाटा चालू होत्या.